अर्धं वाचवलेलं कुंपण

मित्रांनो, मला लावलं तेव्हा या टेकडीवर रस्ता नव्हता. आता रस्ता आहे, पण त्यावरून जाणाऱ्यांना मी दिसत नाही. मी कुंपण आहे. तारेचं नव्हे, जिवंत, काटेरी झाडांचं. हेरिफर्डशर या इंग्रजी परगण्यातल्या ऑल्डकोट गावात, प्रोबर्टांच्या शेताच्या कडेनं मी ऐंशी पावलं उभा आहे.

मे महिन्यात मी फुलांनी पांढरा होतो, ऑक्टोबरात फळांनी लाल. थंडी पडली की उत्तरेकडून कस्तुर पक्षी येतात, माझी फळं खातात आणि आभार न मानता उडून जातात. माझ्या बुडाशी पाचोळ्यात डॉरमाउस नावाचा सोनेरी, झुपकेदार शेपटीचा उंदीर सहा महिने झोपा काढतो. काहीही न करता इतका लाडका झालेला प्राणी मी दुसरा पाहिला नाही. गावच्या समितीतले दोन-तीन सदस्य सोडून.

पूर्वी दर पंधरा-वीस वर्षांनी माणसं हातात कोयता घेऊन येत आणि मला नव्यानं विणत. मग ट्रॅक्टर आला. त्याची फिरती पाती दर शरदात माझं डोकं सपाट करून जात. नीटनेटक्या गावाचं बक्षीस ऑल्डकोटला दोनदा मिळालं, तेव्हा परीक्षक मला पाहून म्हणाले होते, "अगदी टेबलासारखं." त्यांचं बरोबर होतं. वरून टेबल, आणि खालून नुसते टेबलाचे पाय. मधून मांजर शेपटी वर करून आरपार जाई.

हे प्रोबर्टांच्या लक्षात आलं आणि त्यांनी अॅमॉस ट्रँटरला बोलावलं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. कुंपण विणणारा पंचक्रोशीत तो एकटाच उरला होता. त्याची रीत अशी: खोडाला बुंध्याशी तिरपा, खोल घाव घालायचा, सालीची एक पट्टी तेवढी राखायची आणि खोड हळूच आडवं निजवायचं. पट्टीतून रस चढत राहतो, बुंध्यातून नवे कोंब फुटतात, आणि बूड पुन्हा दाट होतं. मात्र फेब्रुवारी संपायच्या आत हे उरकावं लागतं. पुढे पक्षी घरटी बांधायला येतात.

वीस फेब्रुवारीला माझी चाळीस पावलं विणून झाली होती. त्या सकाळी गावच्या निसर्गमंडळाच्या अध्यक्षा फिलिपा गारसाइड बारा जणांना घेऊन आल्या आणि माझ्यासमोर हातात हात धरून उभ्या राहिल्या.

"मिस्टर ट्रँटर, हा खून आहे."

"खून करायचा असता तर ट्रॅक्टर आणला असता, बाई. गुडघे कशाला झिजवले असते?"

"झाडं बुंध्याशी तोडताय, आणि वर मलाच ऐकवताय?"

"तोडलेलं नाही. ही साल बघा की जरा."

"मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय."

"मग टेकडी कुठंय ते तुम्हांला ठाऊक असणार. कुंपणाचं मी बघतो."

त्यांचं प्रेम खरं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. पावसात त्यांनी पाळ्या लावून, थर्मासातला चहा पीत मला राखलं. शेवटी प्रोबर्ट कंटाळून म्हणाले, "सभा घेऊन ठरवू." सभागृह मोकळं होतं थेट सहा मार्चला, तोवर पुष्परचनेचा वर्ग होता. सभेत चर्चा झाली, इतिवृत्त लिहिलं गेलं, आणि मंडळानं समजूतदारपणे काम पुढे चालू ठेवायला परवानगी दिली.

"आता नाही," अॅमॉस म्हणाला. "पक्षी आलेत. आता माझ्या बापानं सांगितलं तरी कोयता उचलणार नाही."

माझा अर्धा भाग असा वाचला. त्या आनंदात लिंबाचा केक कापला गेला. एक तुकडा अॅमॉसलाही दिला, आणि त्यानं तो खाल्ला.

एप्रिलात विणलेल्या अर्ध्यात कोंब फुटले, जूनपर्यंत तिथून हात घालणं मुश्कील झालं. फिलिपाबाई रोज सकाळी दुर्बीण आणि वही घेऊन घरटी मोजायला येत. विणलेल्या भागात पाच भरली. वाचवलेल्या भागात दोन, आणि ती दोन्ही मांजरानं रिकामी केली. त्यांनी ते शाईनं लिहिलं. पेन्सिलीनं लिहून नंतर खोडता आलं असतं. मला ती बाई त्या दिवशी आवडली.

ऑक्टोबरात फिलिपाबाई प्लमचा मुरांबा घेऊन अॅमॉसच्या दारात गेल्या, हे मला दोघांच्या पुढच्या बोलण्यातून कळलं. म्हणाल्या, "त्या सभेची तारीख जरा गैरसोयीची होती, असं मला वाटतं." आमच्याकडे याला पाय धरणं म्हणतात.

"गुडघा गेला, बाई. आता मला वाकता येत नाही."

"मग मी वाकते. तुम्ही बसून सांगा."

जानेवारीत दोघं आले. अॅमॉसनं खुर्ची मांडली. बाईंनी माझ्या एका खोडावर कोयता असा टेकवला, जणू पाव कापायचाय. घाव उथळ बसला, आणि वाकवताना खोड फाटून तुटलं. बाईंचा चेहरा उतरला.

"भीत भीत मारलं ना, की असं होतं," अॅमॉस म्हणाला. "वाचवायचंय ना त्याला? मग खोल मारा."

दुसऱ्या खोडाला त्यांनी खोल मारलं. ते सावकाश कललं, पट्टी ताणली गेली, आणि टिकली. बाई बराच वेळ तिच्यावर हात ठेवून होत्या.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा असं मी सांगणार नाही. ते मला भरपूर मिळालंय. मला कधी कापायचं आणि कधी हातही लावायचा नाही, एवढं जाणत्याला विचारून घ्या. बाकीचं मी बघून घेईन. मला जगायची जुनी सवय आहे.

"वाईट नाही," अॅमॉस म्हणाला. याहून मोठी स्तुती ऑल्डकोटमध्ये कुणी कुणाची केलेली नाही. मग त्यानं खुर्ची दोन पावलं पुढे सरकवली. अडतीस पावलं उरली होती, आणि फेब्रुवारी संपायला अजून पाच आठवडे होते.