दोन खुणा सैल

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "हा वजनकाटा आहे का हो?" एका शहाण्याने तर माझ्यावर टोमॅटो ठेवून पाहिले होते! मी टेनिसच्या रॅकेटला गटिंग करायचं, म्हणजे तारांची जाळी विणायचं जुनं यंत्र आहे. मला वीज लागत नाही. एक लोखंडी दांडा, त्यावर कोरलेल्या खुणा आणि एक सरकतं वजन, एवढाच माझा संसार. वजन जितकं टोकाकडच्या खुणेवर, तितकी तार कडक. दांडा आडवा झाला की ताण बरोबर बसला. बस्स.

कारखान्यातून मी थेट खेळाच्या सामानाच्या दुकानात आलो. बरीच वर्षं राबलो. मग मालकाने विजेवरचं यंत्र आणलं आणि मला माळ्यावर फेकलं. गरज सरो, वैद्य मरो! पण दुकानात गटिंग करणाऱ्या माणसाचा माझ्यावर जीव होता. त्याने मला मागून घेतलं आणि घरी नेलं. त्याची लेक नुकती खेळायला लागली होती.

लेक इतकी काटकुळी, की सगळे तिला बारकी म्हणत. पुढे ती बाबाच्या डोक्याच्या वर गेली, तरी बारकीच राहिली. बाबा रोज जेवणाआधी माझ्यासमोर बसायचा. एकेक तार ओवायचा, ओढायचा, आणि शेवटी जाळीवर नखाने टिचकी मारून कान लावायचा. आतून आई ओरडायची, "अहो, जाळीशी गप्पा झाल्या असतील तर माणसांतही या!" बाबा, बारकी आणि मी, आम्ही तिघं हसायचो. म्हणजे मी मनातल्या मनात.

शाळा संपली आणि बारकी व्यावसायिक खेळाडू झाली. बाबा दुकान सोडून तिच्यासोबत फिरू लागला, आईने नोकरी धरून घर ओढलं. बारकीच्या जुन्या स्वेटरांत गुंडाळून मलाही गावोगाव नेलं. हॉटेलच्या डुगडुगत्या टेबलावर मला घट्ट आवळायचं, की आमचा कारखाना सुरू. पहिलं वर्ष वाईट गेलं. बारकी पहिल्याच फेरीत हरायची, बॅग भरायची, पुढच्या गावाची गाडी धरायची. पण इतर खेळाडू खोलीच्या दारात उभे राहायचे. "काका, माझीही एक रॅकेट करून द्या ना. तुमच्या हातासारखा हात नाही." बाबापेक्षा मीच जास्त फुगायचो.

आणि एक दिवस बारकी म्हणाली, "बाबा, या वेळी दोन खुणा सैल कर ना."

"का गं?"

"उगाच. चेंडू जरा पळू दे."

ती हसली. पण रॅकेट तिने डाव्या हाताने पुढे केली होती आणि उजवं मनगट पोटाशी धरलं होतं. सैल तारांचा हाताला हादरा कमी बसतो, हे बाबाला काय ठाऊक नव्हतं? पण तो तेव्हा खाली वाकून पडलेली पकड शोधत होता.

त्याने तार सैल केली. चेंडू खरंच पळाले, थेट रेषेबाहेर. बारकी हरली. पुढच्या गावी तिने पुन्हा तेच सांगितलं. बाबा "बरं" म्हणाला. ती आंघोळीला गेल्यावर त्याने वजन जुन्या खुणेवर नेलं, आणि वर आणखी एक खूण पुढे सरकवलं. "लेकरू आहे, तिला काय कळतंय," असं तो माझ्याशीच पुटपुटला. मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता हो! लेक जिंकावी, एवढंच त्याला हवं होतं.

आणि ती जिंकली. धावत येऊन बाबाच्या गळ्यात पडली. "बघ, सैल केल्यावर कसं जमतंय!" आता सांगणार कसं? बाबाने नुसती तिची पाठ थोपटली. मग दर गावी तेच. कधी ती कुरकुरायची, "बाबा, कडकच वाटते रे."

"नवी तार आहे. खेळलीस की बसेल."

तिने विश्वास ठेवला, आणि माझा जीव तुटतो तो इथेच. एकदा तरी शंका घेतली असती! पण तिला वाटलं, तारा सैल करूनही दुखतंय, म्हणजे हातच खराब होत चाललाय. मैत्रिणीला फोनवर हळूच सांगायची, "बाबाला कळलं तर तो मला घरी नेईल गं. त्याने सगळं सोडलंय माझ्यासाठी." मग उशीखालची गोळी घ्यायची आणि सरावाला पळायची.

शेवटी तिच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, जिंकत आलेल्या सामन्यात, तिच्या हातातून रॅकेट गळून पडली. तिला खोलीत आणलं. स्पर्धेच्या फिजिओबाई बर्फ घेऊन आल्या. त्यांनी मनगट दाबलं तशी बारकी कळवळली.

"कधीपासून दुखतंय?"

"झाले सात-आठ महिने."

बाबाने बर्फाची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"तारा फार कडक ठेवतेस का गं?"

"छे हो! बाबा स्वतः गटिंग करतो. केव्हाच सैल करून घेतल्यात."

मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून बाई गेल्या. बाबा ढसाढसा रडायला लागला. बारकी डाव्या हाताने त्याचं डोकं थोपटत म्हणाली, "रडू नको ना रे. तुझी काय चूक? तू तर मी सांगितलं तेवढंच केलंस."

बाबाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी बोल, बाबा! "बर्फ वितळला," तो म्हणाला, "दुसरा आणतो." आणि बाहेर गेला.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात सरळ होतो, पण सर्व्हिस करू देत नाही. बारकी आता लहान मुलांना डाव्या हाताने चेंडू टाकून शिकवते. मी कपाटावर गंजत पडलोय. पाठ दुखते असं सांगून बाबा मला हात लावत नाही. मुलांचे आईबाप घरी आले की बारकी कौतुकाने सांगते, "माझ्या बाबाने मला कधीच कडक रॅकेट दिली नाही." तेव्हा तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राने शेवटी तेल मागायचं असतं. मला तेल नको. दुखलं तर घरात सांगा, लपवू नका. आणि कुणी हसून "उगाच" म्हणालं, तर एवढ्यावर सोडू नका, पुन्हा विचारा. तुमच्यापैकी कुणी बारकीकडे शिकायला जात असेल, तर माझं एक काम करा. तिच्या बाबाला म्हणा, "काका, तिला खरं सांगून टाका. ती चिडेल, रडेल, कदाचित कित्येक दिवस तुमच्याशी बोलणार नाही. पण सांगाच." कारण तिला अजून वाटतं, तिचं मनगटच कच्चं होतं.