अक्कांच्या टेबलाचा खण

अक्कांच्या टेबलाला उजव्या हाताशी एक खोल खण होता, आणि त्या खणाला कार्यालयात मोठा मान होता.

घरी आजारी माणसाची शुश्रूषा करायची, तर या कार्यालयाची परवानगी लागे. परवानगी मिळाली की सरकारी रुग्णालयातून वरखाली होणारी खाट येई, चाकांची खुर्ची येई, अधूनमधून नर्स येऊन जाई. लोक खिडकीशी अर्ज देत. अर्जात काही राहून गेलं असलं, तर खिडकीवरची मुलगी तो परत न करता गुपचूप अक्कांकडे सरकवी. अक्का तो खणात ठेवत. मग निवांतपणा मिळाला की त्या माणसाला बोलावून घेत, खुर्चीवर बसवत, पाणी देत आणि काय राहिलंय ते हळू आवाजात सांगत. आजारपणाने आधीच पिचलेल्या माणसाला चारचौघांत 'हे नाही, ते नाही' ऐकवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. सकाळची प्रार्थना जशी त्यांनी कधी चुकवली नाही, तसाच हाही नेम. अक्कांच्या दारातून कुणी विन्मुख जात नाही, असं लोक म्हणत. ते खरंच होतं.

मग वरून आदेश आला की कामाची पद्धत सुधारायची, आणि आदेशापाठोपाठ एक तरुण बाई आली. तिने भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खाकी कागद लावला आणि सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. अर्जाचं काही काम होतं तिथे पिवळी, तो नुसता पडून राहतो तिथे लाल. दुपारपर्यंत कागद भरून गेला.

"भिंतीला गोवर आलाय," शिपाईमामा म्हणाले. त्या दिवसापासून तिचं नाव चिठ्ठ्यांची बाई पडलं.

"आता चिठ्ठ्या मोजतील आणि माणसं कापतील," मोठे बाबू पान उलटता उलटता पुटपुटले.

"माणसं नाही हो बाबू, वाट कापायची," बाई म्हणाली. "अर्ज देणाऱ्याच्या उपयोगाची नाही ती पायरी काढून टाकायची."

"मग साहेबांच्या केबिनपासून सुरुवात करा." हे कोण बोललं ते कळलं नाही, पण सगळ्यांच्या मागून साहेबही हसले.

बाई म्हणाली, भिंतीवर सगळं शहाण्यासारखं दिसतं. आपण एका खऱ्या अर्जाच्या मागे चालत जाऊ. कुणाचा घ्यायचा? मामांनी बाकाकडे बोट केलं. तिथे शिंपीकाका बसले होते, गळ्यात मापाची टेप तशीच. दुपारी दुकान मिटलं की ते इकडे येत. त्यांची बायको पाय गेल्यापासून गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होती, आणि तिला घरी आणायचं म्हणून त्यांनी अर्ज दिला होता.

"काका, तुमच्या अर्जाबरोबर फिराल का?"

"फिरतो की," काका उठले. "तो फिरतोय म्हणजे आनंदच आहे."

सगळी वरात निघाली. खिडकी, नोंदीचं टेबल, लांबलचक बोळातून शिक्क्याची खोली, तिथून परत.

"इथून तर आपण आत्ताच गेलो," काका म्हणाले.

"अर्जही जातो," मामा म्हणाले. "त्याला व्यायाम लागतो."

अशी ही मंडळी अक्कांच्या टेबलाशी येऊन थांबली. पुढे कुठे, म्हणून बाईने अक्कांकडे पाहिलं. अक्का जरा संकोचल्या. "पुढे नाही. माझ्याजवळच आहे," म्हणाल्या आणि त्यांनी खण ओढला. अर्ज नीट सरळ ठेवलेला होता. कोपऱ्यात अक्कांच्या सुबक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: घरमालकांची सही राहिली. हळू सांगणे.

काकांनी चष्मा वर सरकवून वाचलं. "घरमालकांची सही?"

"मोठी खाट खोलीत आणायची म्हणजे मालकांची संमती लागते," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला त्यांच्यापुढे तोंड वेंगाडायला लागू नये, म्हणून मीच त्यांच्याशी बोलणार होते. गुरुवारी गर्दी कमी असते. पण या गुरुवारी..."

"अहो, मालक माझ्या दुकानाच्या वरच राहतात. सकाळचा चहा आम्ही एकाच पायरीवर बसून पितो."

अक्कांनी पेन्सिलीची ती ओळ बोटाने झाकली.

"तुम्ही माझं भलंच पाहिलंत अक्का," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच अक्कांना सोसेना. "खिडकीवर विचारलं की ही पोरगी सांगायची, अक्कांकडे आहे, काळजी नको. मीही बायकोला तेच सांगायचो. आधी ती विचारायची, मला कधी नेणार. आता विचारत नाही. मी जेवलो का, एवढंच विचारते आणि शेजारच्या पलंगाकडे तोंड करून बोलत बसते. पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असतात, तर दुसऱ्या दिवशी सही आणून दिली असती."

बाईने लाल चिठ्ठी काढली होती, ती तिने तळहातात मिटून घेतली.

"लाव गं," अक्का म्हणाल्या. "माझी आहे म्हणून थांबू नकोस."

काका सही घेऊन आले, ते मामांचा पुढचा चहा व्हायच्या आत. साहेबांनी बोळातच उभ्या उभ्या परवानगीवर सही केली. काकांनी कागद खिशात जपून ठेवला आणि म्हणाले, "आता ती येते म्हणाली म्हणजे मिळवलं."

हे वाक्य अक्कांच्या बरोबर घरी आलं. यजमान स्वयंपाकघरात कांदा चिरत बसले होते. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि सुरी खाली ठेवली. अक्कांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मला वाटायचं, मी लोकांचं मन जपते."

"जपतेसच. पण एक सांगू? तुला नाही म्हणता येत नाही. तू 'बघू' म्हणतेस. घरात आम्ही शहाणे झालो, तुझ्या बघूचा अर्थ आम्हाला कळतो. बाहेरची माणसं बिचारी बघत बसतात."

अक्कांना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं.

"नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो," यजमान हळूच म्हणाले. "तो तुला बघवत नाही. म्हणजे मन त्याचंही जपलंस आणि तुझंही."

अक्कांनी सुरी घेतली आणि राहिलेला कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला कांद्याचं निमित्त बरं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसल्यावर त्यांनी रोजच्यासारखं सगळ्यांचं भलं मागितलं, आणि अगदी शेवटी, जरा ओशाळत, स्वतःसाठी एक 'नाही' मागून घेतलं. कार्यालयात पोचल्या त्या सरळ चिठ्ठ्यांच्या बाईपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"जे राहिलंय ते खिडकीवरच सांगायचं, असं तू ठरवणार ना?"

"हो अक्का. पण ती मुलगी घाबरते. लोक अंगावर येतील म्हणते."

"मग खिडकीवर मी बसते. ती शेजारी बसून शिकेल. आणि मामा, तो खण काढून न्या. असला की हात जाईल माझा."

मामांनी खण उपसून काढला. टेबलाला भलं मोठं भगदाड पडलं. "दाढ काढल्यासारखं दिसतंय," मामा म्हणाले. मोठ्या बाबूंनी वाकून आत पाहिलं आणि आपला डबा त्यात ठेवून दिला.

पहिलाच माणूस धिप्पाड होता, वडिलांसाठी आलेला. डॉक्टरांचा शिक्का नव्हता. अक्कांच्या 'बघू' अगदी दातांपर्यंत आलं, ते त्यांनी गिळलं.

"भाऊ, डॉक्टरांचा शिक्का राहिलाय. त्याच्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. बाकी सगळं बरोबर आहे."

त्याचा चेहरा पडला. अक्कांनी नजर वळवली नाही.

"शिक्का एवढाच?"

"एवढाच."

"मग आलोच," म्हणाला आणि गेला. आलाही.

सगळेच असे नव्हते. एक बाई, "अर्ज देणाऱ्यांना छळायलाच माणसं बसवलीत का," असं ऐकवून तणतणत गेल्या. अक्का घोटभर पाणी प्यायल्या. शेजारच्या मुलीने विचारलं, "वाईट वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं ना. पण त्यांना काय आणायचंय ते कळलं." हळूहळू मुलीलाही ते जमायला लागलं. आवाज तिने अक्कांचाच उचलला.

बाकावर आता फारसं कुणी बसलेलं नसे. तरी अक्कांचं लक्ष तिकडे जाई. शिंपीकाका आले नव्हते. काम झालं म्हणून आले नाहीत, की ती येत नाही म्हणाली म्हणून, हे कुणाला विचारावं असं नव्हतं.

मग एका दुपारी खिडकीत मापाची टेप लोंबताना दिसली.

"काका, काय राहिलं?" अक्कांचा आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

"काही राहिलं नाही. आली ती." काकांनी दोन्ही कोपरं खिडकीवर टेकली. "येताना एक शब्द बोलली नाही. खाट उजेडाला लावली, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी मनात म्हटलं, उशीर झाला. सकाळी हाक मारली. म्हणाली, हा पडदा कुणी शिवला? म्हटलं, मी शिवला, तू येणार म्हणून. म्हणाली, शिवण तिरकी आहे, उसवा."

"मग?"

"मग काय, उसवायला घेतलाय. दुकान बंद ठेवलंय आज. दोरा आणायला निघालो होतो, म्हटलं जाता जाता सांगून जावं."

"ओ काका, गप्पा घरी मारा," मागून कुणीतरी म्हणालं.

"घरी तीच मारते," म्हणत काका बाजूला झाले. अक्कांनी चष्मा पुसला, परत घातला आणि पुढच्या अर्जासाठी हात खिडकीबाहेर काढला.