अंगावरचं दूध

पहिली मुलगी गेली तेव्हा सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "हिचं दूधच बाधलं पोरीला." पोरीची आई, शिंपीणबाई, मशीनवर कपडे शिवता शिवता ते ऐकत होती. दूध तोडल्यावरच पोरीच्या तोंडाभोवती, बोटांवर, ढुंगणावर लाल चट्टे उठले होते. केस झडले, जुलाब थांबेनात. पण सासूबाईंचं उत्तर तयार होतं, "आधी प्यायलेलं भिनलंय अंगात."

मग मुलगा झाला. अंगावर पिऊन चांगला गुटगुटीत झाला, तरी सासूबाईंची भुणभुण संपेना. "एकीला घालवलंस, आता याला तरी सोड!" नवरा ऐकून कामाला निघून जाई. शेवटी तिने अंगावरचं तोडून त्याला बाटलीचं दूध सुरू केलं, आणि थोड्याच दिवसांत पोराच्या ओठांभोवती तेच लाल चट्टे दिसले.

या वेळी तिने कुणाला विचारलं नाही. शिवायला घेतलेले कपडे तसेच टाकून ती पोराला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पोराला उलटंपालटं करून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "याच्या अंगात झिंक, म्हणजे जस्त, फारच कमी आहे. आतडं ते नीट ओढून घेत नाही."

"त्याने एवढं होतं?"

"झिंक संपलं की पेशी आतून स्वतःलाच मोडून टाकते, मरते. कातडीच्या, आतड्याच्या पेशी सारख्या नव्या व्हाव्या लागतात, म्हणून पहिला घाला तिथे. जन्माचा दोष आहे, आईबाप दोघांकडून आलेला. रोज झिंकचं औषध दिलं की धडधाकट वाढेल."

"आणि माझं दूध?"

"आईच्या दुधातलं झिंक चटकन अंगी लागतं. त्यावरच तर तगला होता."

तिने मग पहिल्या मुलीचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिलाही हेच झालं असणार."

औषधाने आठवडाभरात चट्टे सुकले. तिने घरात सगळं सांगितलं, मुलीचंही. नवरा म्हणाला, "आता उकरून काय मिळणार?" सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला काय स्वप्न पडलं होतं?" आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगू लागल्या, "मीच म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणून वाचला हो!"

शिंपीणबाई मशीनवरून उठली. सासूबाईंच्या मांडीवरून तिने पोराला उचललं.

"अगं, खेळतोय ना माझ्याकडे!"

"खेळला तेवढं पुरे," ती म्हणाली. पुन्हा त्या मांडीवर तिने त्याला कधी ठेवलं नाही.