गल्लीची वायर

मल्लिकार्जुन बिराजदारांचा सोलापुरातला टॉवेलचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती; पण त्याच्या पायरीवर संध्याकाळी दोन म्हातारे बसायचे, ते काही बंद पडलं नव्हतं. एक स्वतः मल्लिकार्जुन आणि दुसरा राजेसाब. याच कारखान्यात राजेसाबनं माग चालवले होते आणि याच दाराला लाल बावटा बांधून संपही केला होता. तेव्हा दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पुढं बाहेरचा स्वस्त माल येऊन पडायला लागला, विजेचा दर झेपेना, माग भंगारात गेले. भांडायला कारण उरलं नाही, तेव्हा दोघं बोलायला लागले.

बोलणं म्हणजे तेही भांडणच. राजेसाबचं म्हणणं, जे सगळ्यांना लागतं ते सगळ्यांच्या मालकीचं असावं. मल्लिकार्जुनचं म्हणणं, सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नव्हे. ज्याच्या खिशाला झळ बसते तोच माल नीट ठेवतो, आणि शेजारी दुसरं दुकान असलं की भावही नीट ठेवतो. राजेसाब त्याला ‘मालक’ म्हणायचा आणि तो राजेसाबला ‘कामरेड’. आधी टोमणा होता, मग तीच नावं होऊन बसली.

दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते इंटरनेटच्या बिलावरनं.

गल्लीत पूर्वी तीन केबलवाले होते. मग शीघ्र नेट नावाच्या कंपनीनं तिघांनाही विकत घेतलं. गल्ली जुन्या गिरणीच्या भिंतीआड, मोबाईलला रेंज नावालाच. त्यामुळं शीघ्रची वायर घ्या नाहीतर गप्प बसा, अशी गत. पहिले काही महिने दर बरा होता. दुसरं कुणी उरलं नाही असं दिसल्यावर तो चढत गेला, आणि वर यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.

“अठ्ठावीस दिवसांचा महिना कुटल्या पंचांगात हाय, सांगा की मालक,” राजेसाब एकदा म्हणाला. “तुमी आमाला बत्तीस दिवसांचा महिना लावला असता तर पगाराच्या आदी दारात बावटा दिसला असता.”

“आन मी डझनाला अकरा टॉवेल दिले असते तर गिऱ्हाईकानं तेच टॉवेल माझ्या तोंडावर मारले असते,” मल्लिकार्जुन म्हणाला. “ह्याला धंदा म्हणत न्हाईत, कामरेड. ही लूट हाय.”

“मग मी आजपतोर काय सांगत होतो?”

“तू धंद्यालाच लूट म्हणत होतास. दोन्हीत फरक हाय की बे.”

त्या दिवशी बोलणं तिथंच थांबलं नाही. राजेसाबची मुलगी फिरदोस घरात बसून लांबच्या गावांतल्या मुलांना गणित शिकवायची. हैदराबादची एक शिकवणी कंपनी तिला तासावर पैसे द्यायची आणि वायर अडखळली की तास कापायची. गल्लीतल्या सिद्धम्माचा नातू आखातात होता. बिल परवडेना म्हणून तिनं वायर सोडली होती आणि आता ती नातवाचं तोंड बघायला शेजारणीच्या दारात ताटकळत उभी राहायची. हे सगळं बोलून झाल्यावर राजेसाब म्हणाला, “सगळ्या गल्लीची मिळून एक मोठी लाईन घेऊ. वर्गणी काढू.”

“वर्गणी नको. वर्गणी उरसाला काढतात. शेअर म्हण. ज्याचा शेअर, त्याला जाब विचारायचा हक्क.”

“नाव काय बी ठेवा, मालक. वायर तीच.”

मल्लिकार्जुननं कारखान्याच्या पत्त्यावर शीघ्रचंच व्यापारी कनेक्शन घेतलं. विकायला आलेल्या माणसाला त्यानं काही लपवलं नाही. सगळी गल्ली वापरणार, असं तोंडावर सांगितलं. तो माणूस म्हणाला, “वापरा की काका, कोण बघतंय?” मल्लिकार्जुननं सही केली. आयुष्यभर सुताचा व्यवहार त्यानं शब्दावर केला होता. हाही शब्दच, असं त्याला वाटलं.

राजेसाब या वयात शिडी लावून पत्र्यांवर चढला. कामरबी, त्याची बायको, खालून ओरडत राहिली आणि हा घराघरातनं वायर ओढत राहिला. मागाचं तुटलेलं सूत जोडणारी बोटं ती; वायरींच्या गाठीही देखण्या पडल्या. मल्लिकार्जुन रोज सकाळी कारखान्यात जाऊन इंटरनेटचं डबडं फडक्यानं पुसायचा. रिकाम्या कारखान्यात पुन्हा काहीतरी चालू होतं; हिरवा दिवा लुकलुकायचा. तेवढ्यासाठीसुद्धा तो जात असावा.

ते दिवस चांगले गेले. सिद्धम्मा आपल्या उंबऱ्यावर बसून नातवाशी कानडीत भांडायला लागली. फिरदोसचा एकही तास कापला गेला नाही. पायरीवर दोघं म्हातारे याला म्हणायचं काय यावर वाद घालायचे. राजेसाब म्हणे, हा समाजवाद. मल्लिकार्जुन म्हणे, ही भागीदारी. आणि दोघंही खूश असायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी सगळ्या घरांतली वायर एकदम मेली. संध्याकाळी मल्लिकार्जुनच्या नावानं नोटीस आली. एका ग्राहकाची सेवा बेकायदा इतरांना पुरवली, ही सेवेची चोरी आहे, दंड भरा, नाहीतर पोलिसांत तक्रार करू.

दुसऱ्या दिवशी दोघं सात रस्ता चौकात कंपनीच्या कार्यालयात गेले. सगळी गल्ली येणार होती; पण निघायच्या वेळी कुणाला पाहुणे आले, कुणाचं पोट बिघडलं. पोलिसांचं नाव निघालं की असं होतं. राजेसाबला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं कुणाचं दार वाजवलं नाही.

आत गारेगार एसी होता. काउंटरवर विजयमाला नावाची मुलगी होती, तसं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. मल्लिकार्जुननं तिला सगळं सांगितलं: विकणारा माणूस काय म्हणाला, गल्लीला का गरज होती, पैसे दर महिन्याला कसे वेळेवर भरले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, सिस्टीममध्ये चोरी म्हणून पडलंय. मला ते काढता येत नाही.”

“बाई, मी चोर न्हाय. मी व्यापारी माणूस हाय.”

“मी कुठं म्हणते, काका? सिस्टीम म्हणते.”

“मग सिस्टीमला बोलवा की भाईर,” राजेसाब म्हणाला. “साहेब कोण हाय तुमचा?”

“साहेब इथं कुणीच नसतं. मुंबईला असतात, नाहीतर कुठं. आम्हीपण ठेकेदाराकडून आहोत.” मग इकडंतिकडं बघून ती हळूच म्हणाली, “दंड भरून टाका. इथं येऊन कुणाचं काही बदललेलं मी अजून बघितलं नाही.”

मल्लिकार्जुननं दंड भरला. पावती त्यानं हातातही घेतली नाही. राजेसाबनं ती घेऊन त्याच्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर दोघं उसाच्या रसाच्या गाड्याजवळ बाकड्यावर बसले. समोर गाड्यांचा कालवा चालला होता. ग्लास आले, तरी मल्लिकार्जुननं तोंडाला लावला नाही.

“जलमभर मी बाजार बाजार केलं,” तो म्हणाला. “हितं बाजार कुटं हाय रे? एकच दुकान, आन दुकानदाराचं तोंड बी दिसत न्हाय.”

“आन मी सरकार सरकार केलं. सरकारी फोनची तार आपल्या गल्लीत खांबाला लोंबकळतीया. तिच्यावर कावळा बी बसंना.”

“दोघांचं बी दिवाळं निघालं म्हण की.”

राजेसाब हसला. मल्लिकार्जुन हसला नाही. ग्लास बाजूला सरकवून तो म्हणाला, “चोर म्हणाले, राजेसाब.” त्यानं कामरेड म्हटलं नाही, हे राजेसाबला परतताना रस्ताभर टोचत राहिलं.

राजेसाबनं गल्ली गोळा केली. कुणीही एकट्यानं शीघ्रची वायर घ्यायची नाही, सगळ्यांनी मिळून दम धरायचा, म्हणजे कंपनीला बोलणी करावीच लागतील, असं त्यानं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

पण आठवडाही झाला नसेल, शीघ्रचा माणूस शिडी घेऊन आला आणि थेट राजेसाबच्याच दारात उभा राहिला. फिरदोसनं बोलावलं होतं.

“अब्बा, तास बंद पडले तर ते दुसरी बाई घेतील,” ती म्हणाली. “मी मालककाकांना विचारून आले. ते म्हणाले, घे बाळ.”

राजेसाबनं चपला पायात सरकवल्या. संपात फुटलेल्या माणसाशी तो कधी बोलला नव्हता, आणि आता माणूस घरातला होता एवढंच. फिरदोसच्या मागोमाग सगळी गल्ली फुटली. तो पायरीवर आला तेव्हा मल्लिकार्जुननं त्याला जागा करून दिली.

“पोरीवर डूख धरू नकोस. तिच्या पोटाचा सवाल हाय.”

“संपात बी सगळ्यांना पोट होतं, मालक.”

“व्हय. म्हणून तर तवा मी जिंकलो,” मल्लिकार्जुन म्हणाला. त्या बोलण्यात कुठंच फुशारकी नव्हती.

घरात राजेसाब मुलीला हो-नाही एवढंच बोलायचा. तिच्या वायरीवर चालणारं काही बघायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. कामरबी म्हणायची, “वायर से कायकू बैर जी?” तो उठून बाहेर जायचा.

पावसाळा सरताना मल्लिकार्जुनचा मुलगा कुमार पुण्याहून आला. आई गेल्यापासून बाप एकटा होता, खात नव्हता, रात्री जागत होता. त्यानं कारखाना विकायला काढला आणि बापाला घेऊन निघाला. गाडीत बसताना मल्लिकार्जुन म्हणाला, “व्हिडिओवर दिसत जा रे.” राजेसाबनं मान डोलावली. पण तो साध्या फोनवरच बोलत राहिला. मल्लिकार्जुन दर वेळी म्हणायचा, तोंड दाव की. राजेसाब म्हणायचा, माझं तोंड काय बघायचं, मालक, हाय तसंच हाय. कारखाना कुणी घेतला हे कुमारनं बापाला सांगितलं नव्हतं, आणि राजेसाबनंही कधी सांगितलं नाही. शीघ्र नेटनं घेतला होता, गोदामासाठी. आत वायरींची भेंडोळी रचली होती, आणि पायरीवर ‘येथे बसू नये’ असं रंगवलं होतं.

थंडीत कुमारचा फोन आला. बाबांना अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. “चाचा, फोन कानाला लावून उपयोग नाही. ते बोलू शकत नाहीत. तुम्हाला बघितलं तर बघतील.”

राजेसाबनं फोन खाली ठेवला. मग उठून फिरदोसच्या खोलीच्या दारात गेला. ती शिकवत होती. बापाला दारात बघून तिनं मुलांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं. “मालकांना झटका आलाय,” एवढंच तो म्हणाला. खुर्चीवरून उठून तिनं त्याला बसवलं आणि कुमारला व्हिडिओ लावला.

पडद्यावर उशीला टेकवलेला मल्लिकार्जुन दिसला. तोंड एका बाजूला ओढलेलं, गालफडं बसलेली, कपाळावर कुणीतरी विभूतीचे पट्टे ओढलेले. डोळे आधी भलतीकडंच होते. कुमारनं फोन जवळ नेला. मग ते डोळे थांबले आणि भरून वाहायला लागले. ओठ हलले, त्यातनं नुसता घोगरा आवाज निघाला.

“काय म्हणतोयस?” राजेसाब म्हणाला. त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा मालकाला एकेरी शब्द गेला आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही. “बोलू नगं. मी बोलतो. तू चुकीचं हाय म्हणालास तर मला कळतंय.” आणि तो बोलत राहिला. सिद्धम्माचं, गल्लीचं, बाजारात शेंगाचटणीला आलेल्या भावाचं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. फिरदोस भिंतीला टेकून उभी होती.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसायचा. पण ते फार दिवस चाललं नाही. एका संध्याकाळी कुमारनं फोन घेतला, आणि पडद्यावर फक्त कुमारच होता.

मल्लिकार्जुनला मूळ गावी, मैंदर्गीला नेलं, वडिलांच्या शेतात. राजेसाब पहाटेच्या गाडीनं गेला. फिरदोस सोबत आली. शेतात माणसं कानडीत हळूहळू बोलत होती. लिंगायतांच्या रीतीनं मल्लिकार्जुनला बसवून पुरायचं होतं. खड्ड्यात मांडी घालून बसवलेला तो, मान किंचित झुकलेली, गळ्यात बेलाची माळ. पायरीवर ऊन उतरल्यावर डुलकी लागायची, तसाच दिसत होता. कुमारनं राजेसाबला पुढं बोलावलं. “चाचा, माती घाला.”

राजेसाबनं बापाला, आईला, भावाला माती दिली होती. त्याच्या हाताला ते माहीत होतं. काळी माती ओंजळीत घेऊन तो वाकला आणि ती सोडायला त्याला फार वेळ लागला. मागची माणसं थांबून राहिली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. वाटेतलं वळसंग मागं पडलं. मग एकदम राजेसाबनं विचारलं, “आज तुझे तास बुडाले न्हवं?”

“बुडाले.”

“कापतील?”

“कापतील, अब्बा.”

“तुमा शिकवणाऱ्या बायांची संघटना न्हाय का?”

फिरदोस खिडकीबाहेर बघत राहिली. “संघटना कुठनं, अब्बा? मला त्यातल्या एकीचंही नाव माहीत नाही. आम्ही एकमेकींना कधी बघितलंच नाही.”

राजेसाबनं मुलीचा हात आपल्या हातात घेतला. त्याच्या नखांत मैंदर्गीची माती अजून तशीच होती. सोलापूर येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.