लतिकाताईंना ढकलणारा शिलेदार

दिल्लीच्या द्वारकेतल्या सोसायटीचा हॉल खचाखच भरला होता. मधोमध लतिकाताई पाय जुळवून, डोळे मिटून उभ्या होत्या. समोरच्या भूत उतरवणाऱ्या बाबाने बोटही लावलं नव्हतं, तरी त्या झुलायला लागल्या. नवऱ्याने, श्यामकांतरावांनी, धावत जाऊन त्यांना धरलं.

"अब आँखें खोलो, मेरे दीपक को देखो," बाबा म्हणाला. दिव्याकडे बघत ताई स्थिर उभ्या राहिल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पानिपत गई थीं ना? काला अंब से सैनिक पीछे लगा है, वही धक्का देता है. दवाइयाँ बंद करो, तभी जाएगा."

ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जुनाच, पण जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर जाऊन आल्यापासून त्या पहाटे बाथरूममध्ये पडायला लागल्या होत्या. जन्मभर सरकारी फायली वाचलेल्या श्यामकांतरावांना हे लगेच पटलं. त्यांनी गोळ्यांचा डबा कपाटात बंद करायचं ठरवलं.

ताईंना हसू येत होतं. अडीचशे वर्षं थांबून शिलेदार मेट्रोने द्वारकेला यायचा, तो आपल्यालाच ढकलायला? पण गोळी चुकली की पाय लाकडासारखे ताठ होतात, हे आठवून त्या घाबरल्याही. त्यांनी गाझियाबादच्या भाचीला, फिजिओथेरपिस्ट उल्काला, लगेच बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबाच्या दरबारात उल्का म्हणाली, "मावशी, दिव्याकडे नको, त्या वॉटर कूलरकडे बघ."

ताई तशाच स्थिर उभ्या राहिल्या.

"कूलरही सिद्धपुरुष दिसतोय. अहो, या आजारात पायांची खबर मेंदूला नीट पोचत नाही. ती कसर डोळे भरून काढतात. डोळे मिटले की तोल गेला. बाबाजी, आप भी आँखें बंद करके एक पैर पर खड़े हो जाइए."

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बाबाने पाय उचलला, डोळे मिटले आणि लगेच श्यामकांतरावांचा खांदा धरला.

"तुम्हीही पानिपतला गेला होतात वाटतं?" ताईंनी विचारलं. हॉलभर हशा पिकला.

"पण ती जानेवारीपासूनच का पडते?" श्यामकांतराव अजून अडून होते.

"काका, थंडीत पाय आखडले म्हणून पाय सैल करायची गोळी वाढवली ना? आणि झोपेची गोळी दुसऱ्याच डॉक्टरांनी दिली. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. तुम्ही दोन्ही रात्री एकदम देता, मग पहाटे गुंगीही असते आणि पायही ढिले."

"मग बंदच करू."

"मुळीच नाही. पाय सैल करायची गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतेल. अख्खा डबा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू सोडवली, पाय सैल करायची बेताची केली. ताईंचं पडणं बरंच कमी झालं. आजार आहे तिथेच आहे, तो कुणी पळवला नाही.

तेव्हा मंडळी, घरात कुणी पडायला लागलं तर भूत शोधू नका. औषधांचा डबा डॉक्टरांपुढे उघडा आणि विचारा.

पुढच्या जानेवारीत ताई काठी टेकत काला अंबला गेल्या. श्यामकांतरावांना त्यांनी स्मारकापुढे हात जोडायला लावले. म्हणाल्या, "माफी मागा. रणात लढून मेलेल्या माणसांवर तुम्ही बायकोला बाथरूममध्ये ढकलल्याचा आळ घेतलात."