मास्तरची जागा

लांब्याला लांब्या हे नाव उंचीवरून पडलं नव्हतं, गाण्यांवरून पडलं होतं. त्याची गाणी वीस-वीस मिनिटं चालायची. मध्येच ताल बदलायचा, सातावरून अकरा मात्रांवर उडी जायची आणि आता संपलं म्हणून लोक टाळीला हात उचलणार, तोच गाणं पुन्हा डोकं वर काढायचं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. चौघांचा बँड होता आणि चौघांचीही उमेदीची वर्षं या लांबलचक गाण्यांत कशी गेली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

लांब्या गिटारवर आणि कीबोर्डवर मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. पुढे त्यानं लांब्याच्या ताईशी लग्न केलं, त्यामुळे नात्यानं तो भावजी झाला. पण लांब्याच्या तोंडी अरे मास्तर बसलं होतं ते बसलंच. वाजवताना दोघांना एकमेकांकडे बघावं लागत नसे. लांब्या श्वास घ्यायला थांबला की तेवढ्यात मास्तर कीबोर्डवर बोलून घ्यायचा.

एके दिवशी सराव संपल्यावर मास्तरनं वायरी गुंडाळल्या आणि म्हणाला, "मला आता पुरे झालं." भांडण नाही, तंटा नाही. ताईला घेऊन तो दूरच्या एका लहान गावी गेला आणि तिथे त्यानं रोपवाटिका काढली. त्याच्यामागून बँडही विरघळला. भांडून गेला असता तर लांब्याला निदान चिडता तरी आलं असतं. आता कुणावर चिडणार?

काही वर्षं त्यानं लोकांच्या पोरांना गिटार शिकवण्यात काढली. मग एकट्याचा अल्बम करायचं मनावर घेतलं. टायरच्या दुकानाच्या माडीवर एका बाईंचा स्टुडिओ होता. बाई स्वतः रेकॉर्डिस्ट, कानाच्या तिखट आणि जिभेच्याही. नऊ गाणी झाली, पण एकाचा मेळ दुसऱ्याशी बसेना. एक कान किटवणारं दणदणीत, एक बाळाला थोपटावं तसं नायलॉनच्या तारांवरचं, एक चक्क पाय थिरकवणारं, आणि एक असं की नुसतं धुकं.

"अल्बम एकाचा आहे की नऊ जणांचा?" बाईंनी विचारलं.

"बँडमध्ये चौघांना पटेल तेच वाजायचं. माझं उरलंसुरलं साठत गेलं."

"साठू दे. पण प्रत्येक गाण्यात मध्येच तुम्ही गप्प का बसता? ढोलताशे चालू आहेत आणि नवरदेव गायब. आधी वाटलं, मुद्दाम असेल. पण नऊच्या नऊ गाण्यांत?"

लांब्यानं ऐकलं. खरंच होतं. दोन ओळी वाजवून झाल्या की त्याचा हात आपोआप थांबत होता आणि समोरून कुणी बोलायची वाट बघत होता. त्याच्या हे लक्षातही आलं नव्हतं.

बाईंनी एक कीबोर्डवाली बोलावली. मुलगी हुशार. तिनं सगळ्या जागा भरून दिल्या, कुठे बोट ठेवायला जागा नाही. लांब्यानं तिचे आभार मानले, चहा पाजला, आणि ती गेल्यावर बाईंना म्हणाला, "हे पुसून टाका."

दुसऱ्या दिवशी त्यानं बस धरली.

दार ताईनं उघडलं. "किती वाळलास रे," असं म्हणत तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. "हे मागे आहेत, कुंड्यांत. चपला बाहेर काढ, घरभर माती आधीच त्यांनी केलीय."

मास्तर मागच्या अंगणात रोपांना पाणी घालत होता. दंड उन्हानं रापलेले, पोट उतरलेलं. कीबोर्डवर फिरणाऱ्या त्या बोटांच्या नखांत आता माती होती.

जेवण झाल्यावर तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लांब्यानं आणलेली गाणी ऐकू लागले. दणदणीत गाण्याला ताईनं कानांवर हात ठेवले. नाचाच्या गाण्याला मास्तर मोठ्यानं हसला. "हे तुझ्यात होतं? आणि मला वर्षानुवर्षं अकरा मात्रा मोजायला लावल्यास?" मग थोपटण्याचं गाणं लागलं. दोन ओळी झाल्या आणि गिटार थांबली. मास्तरचं हसू मावळलं. गाणं संपेपर्यंत तो टेबलावरचे पाण्याचे थेंब पुसत राहिला.

"माझी जागा ठेवलीस," तो म्हणाला.

"सवय आहे. हात थांबतो."

"लांब्या, मी येणार नाही."

"मी कुठे विचारलं?"

"मग बसमध्ये अंग मोडून घ्यायला आलास?"

ताई उठून उगाचच भांडी आवरू लागली.

"तुला आठवण येत नाही का रे?" लांब्यानं शेवटी विचारलंच.

मास्तर म्हणाला, "येते ना. तुझी येते. वाजवण्याची येत नाही. सकाळी उठतो, झाडांना पाणी घालतो, कुणी विकत न्यायला येतं. बरं वाटतं मला. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण फार बरं वाटतं." मग तो म्हणाला, "त्या जागा काढून टाक. रिकाम्या ऐकवत नाहीत."

लांब्यानं मान हलवली. त्याला तेव्हा एवढंच उमगलं, की आपण ज्याच्यासाठी झुरतोय तो मजेत आहे आणि त्याच्या सुखात आपल्याला काही काम नाही. याचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. ताईनं ठेवून घेतलं म्हणून तो दोन दिवस राहिला. मास्तरबरोबर कुंड्या उचलल्या, खत कालवलं. गाण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

परतल्यावर त्यानं आठ गाण्यांतल्या जागा कापल्या. बाई खूश झाल्या. थोपटण्याच्या गाण्याला मात्र त्यानं हात लावू दिला नाही. बाईंनी एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि वाद घातला नाही.

अल्बम निघाला. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, की याला ना शेंडा ना बुडखा. काहींना तेच आवडलं. गिटार शिकणाऱ्या एकीच्या आजोबांनी नाचाचं गाणं फोनच्या घंटीला लावलं, याचं लांब्याला फार अप्रूप वाटलं.

महिन्याभरानं ताईचा फोन आला. "तुझा अल्बम इथे रोज वाजतो. गिऱ्हाईकंही ऐकतात. पण ते एक गाणं आलं की हे नळ बंद करतात आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहतात."

"काही म्हणतो?"

"काही नाही. संपलं की येतात, पुन्हा नळ सोडतात."

लांब्यानं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता.

"ऐकतोयस ना?" ताईनं विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. "ताई, फोन ठेवू नकोस इतक्यात."