बिनवायरची टोपी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. तळहाताएवढं हिरवं कार्ड, खालच्या कडेला सोनेरी दात. संगणकाच्या पोटात बसायचं आणि डिस्क, स्कॅनर अशा बाहेरच्या मंडळींशी त्याचं बोलणं करून द्यायचं, एवढंच माझं काम. तुम्ही माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कुणीच ठेवला नाही, आणि मीही आता कुणावर पटकन ठेवत नाही.

माझ्या अंगावर कारखान्याचं नावच नाही. तिथेच पहिली माशी शिंकली. नामांकित कार्डं चकचकीत खोक्यांतून दुकानात गेली. मी साध्या करड्या पिशवीतून फिरत फिरत मिनेसोटातल्या एल्म फॉल्स गावी पोचलो. तिथे अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये शनिवारी जुन्या यंत्रांचा बाजार भरायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या हारलन पेल्टोच्या टेबलावर मी पडून होतो. येणारा प्रत्येकजण मला उचलायचा, किंमत ऐकायचा आणि विंचू दिसल्यासारखा खाली ठेवायचा.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये मार्लिस ट्वेट आली. वडिलांनी सुरू केलेलं गावाचं साप्ताहिक ती एकटीने चालवायची. अडतीस वर्षांत एकही अंक चुकला नव्हता. गुरुवारी तिच्या संगणकाला डिस्क दिसेनाशी झाली, आणि आठवड्याची सगळी पानं त्या डिस्कवर. सोमवारी सकाळी ती डुलुथच्या छापखान्यात पोचली नाहीत, तर जाहिरातदार शेजारच्या गावच्या पेपरकडे जायला टपलेलेच होते. मग पेपर बंद.

सोबत तिच्या बहिणीचा नवरा ऑरव्हिल होता. जुना कंट्रोलर मेला हे निदान त्याचंच. त्याने तो स्वतःच्या हाताने उपटून कचऱ्यात टाकला होता. आता तो म्हणत होता, घ्यायचं तर नावाजलेलं घे, स्वस्तात काहीतरी काळंबेरं असतंच. हारलन शांतपणे म्हणाला, ते महागडं कार्ड सात-सात यंत्रं जोडणाऱ्यांसाठी आहे.

"तुझ्याकडे एक डिस्क नि एक स्कॅनर. दूध आणायला कुणी ट्रक नेतं का?"

मार्लिसचा संशय मात्र दोघांवर सारखाच. हे इतकं स्वस्त का, हा प्रश्न तिने तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारला. मग चष्मा कपाळावर सरकवून माझे दात एकेक करून पाहिले. मला फार लाज वाटली. शेवटी तिने विचारलं, "हे कुणी परत आणून दिलं होतं का?"

"एकदा. त्या माणसाने जोडलंच चुकीचं असावं. पण खात्री नाही माझी."

त्या 'खात्री नाही'मुळेच तिने मला घेतलं, असं मी आजही मानतो.

दुपारी तिच्या घरातल्याच कचेरीत मला बसवलं. पडद्यावर डिस्कचं नाव आलं, लगेच गेलं, आणि सगळं गोठलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मला कळत होतं, दोष माझ्यात नाही. माझे निरोप तारेच्या टोकापर्यंत जाऊन उलटे माझ्याच अंगावर येत होते. पण कार्डाला तोंड कुठे असतं? ऑरव्हिलने मला उपटायला हात घातला. "सांगितलं होतं ना मी. दे फेकून."

"हात लावू नकोस," मार्लिस म्हणाली. "अंत्यसंस्कारवाल्यांना फोन करून विचारल्याशिवाय आपण कुणाला मेलेला छापत नाही."

हा तिच्या पेपरचा कडक नियम होता. तिच्या वडिलांनी एकदा एका धडधाकट माणसाची मृत्युवार्ता छापली होती, आणि तो गृहस्थ स्वतःच तक्रार घेऊन दारात उभा राहिला होता.

तिने हारलनला फोन लावला. त्याने एकच विचारलं: तारेवरचं शेवटचं यंत्र स्कॅनर ना? मग त्याच्या मोकळ्या भोकावर बिनवायरची टोपी आहे का? ती नसली, तर निरोप टोकाला आपटून परत येतात आणि सगळा गोंधळ होतो.

टोपी नव्हती. मार्लिसने रिसीव्हर हातात धरूनच वळून पाहिलं. "ऑरव्हिल, स्कॅनर बुधवारी तुझ्याकडे होता."

त्याचे कान लाल झाले. पकडलेल्या माशांचे फोटो उतरवायला त्याने तो नेला होता, आणि आपला संगणक जोडायला टोपी काढली होती. "तिला वायरच नव्हती गं. म्हटलं, बिनकामाची असेल." ती त्याच्या गळांच्या डब्यात होती. तो गाडी काढून ती घेऊन आला. टोपी बसली, आणि सगळी पानं जिथल्या तिथे दिसली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मार्लिस मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. डबा रिकामा होता. कचरागाडी शुक्रवारीच येऊन गेली होती. "म्हणजे जुनाही धडधाकटच होता," ती म्हणाली.

मी तिथे नऊ वर्षं काम केलं. एकही अंक चुकला नाही. आता नवी यंत्रं आली आहेत आणि मी खणात आहे. माझ्यावर मार्लिसच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'चालतो. टाकण्याआधी मला विचारा.'

मित्रांनो, संशय जरूर घ्या. पण आपलं पहिलं बोट ज्याच्याकडे वळलं, त्याच्यापाशीच थांबू नका. आपल्या स्वतःच्या हातांवरही थोडा संशय घ्या. माझ्यासाठी एकीने फोन केला. ज्याच्या जागी मी नऊ वर्षं बसलो, त्याच्यासाठी कुणीच केला नव्हता.